ठिपक्यांच्या बायबलला कुलूप

बायबल वाटणाऱ्या त्या संस्थेचं गोदाम थोरल्याच्या ताब्यात होतं. आणि थोरला म्हणजे दुधानं तोंड पोळलेला माणूस. ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. धाकट्या भावाला गठ्ठे बांधायच्या कामावर त्यानंच चिकटवलं होतं. आधीच्या छापखान्यातले कागद चोरून विकताना सापडलेला हा पठ्ठ्या! थोरल्यानं शब्द टाकला म्हणून संस्थेनं घेतला. आता काही वेडंवाकडं झालं तर दोघांच्याही तोंडाला काळं.

आणि झालंच. अंधांसाठीचं बायबल म्हणजे एक पुस्तक नव्हे, भिंतभर कपाटात मांडलेले जाडजूड खंड. वर आलेले ठिपके, बोटांनी वाचायचे. वाचकाला एका वेळी एकच खंड जायचा. तो परत आला की पुढचा. एके सकाळी पहिल्या खंडाच्या जागी खिंडार दिसलं. कुणाला दिला? कुणालाच नाही. थोड्या दिवसांनी पहिला मुकाट जागेवर, आणि दुसरा गायब!

"अहो, चोर कधी माल परत आणून ठेवतो का?" बायको म्हणाली.

"तिथंच तर पाणी मुरतंय! मला गाफील ठेवायचा डाव आहे. एक दिवस अख्खं कपाट रद्दीत घालेल बघ. कुत्र्याचं शेपूट, वाकडं ते वाकडंच."

संस्थेच्या दारात तिच्या पहिल्या बायबल-विक्रेत्याची लाकडी पेटी ठेवलेली होती. ती पाठीवर घेऊन तो दारोदार हिंडला होता. पेटीला कडी नव्हती. ज्याला वाचायचंय त्यानं उचलावं, म्हणायचा. 'त्याला कुठं असला भाऊ होता,' असं पुटपुटत थोरल्यानं कपाटाला नवंकोरं कुलूप ठोकलं.

धाकट्यानं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "दादा, कुलूप कशाला?"

"चोरांसाठी."

धाकटा मान खाली घालून गठ्ठे बांधायला लागला. झालं, थोरल्याची खात्रीच पटली! साहेबांना सांगून याला आजच हाकलायचं; पण आधी आईच्या कानावर घालावं, म्हणून तो जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडे गेला. एरवी तो फक्त रविवारी जायचा.

आई खिडकीशी बसली होती. मांडीवर जाडजूड खंड, त्यावर बोटं हळूहळू सरकत होती. पावलं वाजताच म्हणाली, "आलास? हा होत आला बघ. पुढचा आणलास का?"

थोरला तिच्या अगदी समोर उभा होता, भर उजेडात.

"बोल की रे! दादाला संशय आला का? सांभाळ बाबा. माझे डोळे गेले हे कळलं तर हे घर सोडायला लावेल मला. मनाचा चांगला आहे रे, पण त्याला काही सांगायची सोय नाही. आधी संशय घेतो, मग ऐकतो."

दर रविवारी तो पेपर पुढं करायचा आणि ती म्हणायची, 'चष्मा सापडत नाही, तूच वाच.' साऱ्या जगाचा संशय घेणाऱ्याला तेवढ्या एका गोष्टीचा कधी आला नव्हता. त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. खिशातली किल्ली त्यानं मुठीत घट्ट धरली.

"आणतो, आई," तो म्हणाला.

आवाज ऐकून आईची बोटं थबकली. आणि तिनं घाईघाईनं तो खंड चादरीखाली लपवला.