कवळीची शिट्टी

नवी कवळी बसवली आणि काकू बोलायच्या थांबल्या. एरवी त्यांच्या तोंडाला कुलूप घालणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. पण आता ‘स’ आला की दातांतून शिट्टी वाजे, नातवंडं खो खो हसत, आणि काकू नुसती मान हलवून भागवत. घरच्यांना वाटलं, वयानं शांत झाल्या. खरं सांगायचं तर मंडळी जरा सुखावलीच होती.

दातांच्या डॉक्टरांकडे दोन खेपा झाल्या. डॉक्टर विचारत, "चावता येतं ना?" काकूंनी तोंड उघडायच्या आत सून सांगे, "हो, सगळं खातात." मग डॉक्टर कवळी इकडून तिकडून घासून परत देत. चावायचं दुखणं नव्हतंच, तर घासून काय होणार, कपाळ! सून वाईट नव्हती हो. सासूबाईंना त्रास नको म्हणून बोलायची.

तिसऱ्या खेपेला काकूंनी मनाशी ठरवलं, आज नाही जमलं तर नाद सोडायचा. उरलेलं आयुष्य गप्प बसून काढायचं.

"चावता येतं ना?"

"हो, सगळं..." सून म्हणाली आणि डॉक्टर एकदम थांबले.

"काकू, तुमचा आवाज अजून ऐकलाच नाही मी. चुकलंच माझं. काहीही सांगा, तुम्हीच सांगा."

काकू बिचकल्या. मग केला एकदाचा जिवाचा धडा. "सासरी आल्यावर पहिल्यांदाच एकटी बसनं निघाले, आणि बसले चुकीच्याच बसमध्ये!"

शिट्ट्याच शिट्ट्या. सुनेचा चेहरा खर्रकन उतरला. "आई, म्हणून बोलत नव्हता तुम्ही?"

डॉक्टरांनी कवळी काढून पुढच्या दातांमागची कड घासली, पुन्हा बसवली. "म्हणा आता."

"सासूबाई, सासरे, सगळे..." शिट्टी गायब! काकूंना डॉक्टरांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. "फार उपकार झाले," म्हणत त्यांनी पिशवी उचलली. बाहेर पेशंट ताटकळले होते.

"निघालात कुठे?" डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले. "ती बस शेवटी गेली कुठे, ते सांगा की!"

काकूंना वाटलं होतं, डॉक्टर फक्त दात ऐकतायत. ते तर त्यांचं बोलणं ऐकत होते! काकूंचे डोळे भरून आले.

सुनेनं स्टूल पुढे ओढलं. "पहिल्यापासून सांगा, आई. मलाही ऐकायचंय."