सुशीलाआत्या गोंधळते

कर्वेनगरातल्या सोसायटीने मुलांसाठी 'आमचं घराणं' असा कार्यक्रम ठेवला होता. प्रत्येक कुटुंबाने आपला इतिहास सांगायचा. आमोदने पडद्यावर दाखवायला चित्रं जमवली होती : पगडीतला कुणी सरदार, एक किल्ला, कोकणातलं देऊळ. आपल्या पूर्वजांना पेशव्यांनी इनाम दिलं होतं, हे तो इतकी वर्षं सांगत आला होता की आपण ते कुठे ऐकलं, हेही त्याला आता सांगता आलं नसतं.

कार्यक्रमाला शोभा यावी म्हणून त्याने स्वारगेटहून सुशीलाआत्यालाही आणलं. ती त्याच्या वडिलांची धाकटी बहीण, शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, नव्वदीकडे झुकलेली.

आमोदचं बोलून झाल्यावर एका चिमुरडीने विचारलं, "आजी, तुम्ही राजवाड्यात राहायचात?"

"छे गं! एका खोलीत," आत्या म्हणाली. "वडील गेले, तशी आई आम्हां दोघांना घेऊन पुण्यात आली. लोकांकडे पोळ्या लाटायची. दादा, म्हणजे ह्या आमोदचे वडील, वारावर जेवायचा. रोज वेगळ्या घरी, सात वारांची सात घरं. बुधवारच्या घरी त्याचं पान न्हाणीच्या दाराशी मांडायचे. बुधवारी निघताना तो रडायचा."

मुलं पुढे सरकून बसली. "मग?" कुणीतरी विचारलं.

आमोदची कानशिलं तापली. शेजारचा सौमित्र आपल्याकडेच बघतोय असं त्याला वाटलं. त्याने माइक घेतला.

"आत्याचं वय झालंय. हल्ली जरा गोंधळते. चला, चहा घेऊ या."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. "असेल बाबा," एवढंच म्हणाली आणि पदराने चष्मा पुसत बसली. नंतर मुलांनी किती विनवलं, तरी तिने तोंड उघडलं नाही.

घरी आल्यावर तनयाने, त्याच्या मुलीने, विचारलं, "बाबा, आत्याआजी खरंच कन्फ्यूज होते?"

"नाही."

"मग तू असं का बोललास?"

आमोद लॅपटॉपची पिशवी कपाटात ठेवू लागला.

"तुझ्या आजीचं नाव काय होतं?"

ते त्याला माहीत नव्हतं. वडील घरातलं जुनं कधी बोलले नव्हते. लग्नकार्याला गेले तर अक्षता टाकून निघायचे, जेवायला थांबायचे नाहीत. आमोद त्यांना तिरसट म्हणायचा, अगदी त्यांच्या तोंडावरही. ते आठवलं आणि त्याला तनयासमोर उभं राहवेना.

सोसायटीच्या ग्रुपवर त्याने लिहिलं : 'आत्या गोंधळली नव्हती. तिने सांगितलं ते खरं. इनामाचं मला काही माहीत नाही.' खाली चारदोन अंगठे उमटले. सौमित्रने हात जोडले. आमोदला काही हलकं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तनयाला घेऊन तो आत्याकडे गेला.

"आत्या, माझं चुकलं."

"चहा घेणार, की घेऊन आलायस?"

"आत्या, खरंच. मला लाज वाटली त्या वेळी."

"ते दिसलं सगळ्यांना." तिने गॅस बारीक केला. "मला वेडी म्हणालास त्याचं एक वेळ ठीक आहे रे. आई आमच्यासाठी लोकांच्या चुलीपुढे भाजून निघाली. तिचं कुणाला सांगायला माझ्याकडे हे एवढंच होतं. ते तू खोटं पाडलंस."

आमोद खाली बघत हळूच म्हणाला, "आजीचं नाव काय होतं?"

"वय झालंय माझं. आठवत नाही." ती तनयाकडे वळली. "तू ये गं आत. तुला सांगते."

"आणि बाबा?"

"त्याला बसू दे बाहेर."

तो गॅलरीत बसला. खाली एसट्यांचे हॉर्न वाजत होते. आतलं बोलणं त्यात बुडून जात होतं. मध्येच तनयाचं हसू ऐकू आलं.

बाहेर आली तेव्हा तनयाचे डोळे लाल होते.

"काय म्हणाली?"

"तुला मी सांगायचं नाही. तू एकट्याने यायचं म्हणाली. आणि घाईत नाही."

आत्या दारात उभी होती. आमोद बूट घालायला वाकला. नाड्या बांधून झाल्या, तरी त्याला मान वर करता येईना.