रेषा अरुंद नव्हती

डोंगर होता, डोंगरावर रान होतं, रानाला एक राखणदार होता. राखणदाराची कारभारीण होती, सून होती, आणि त्यांच्या घराच्या वरच्या अंगाला मी होते. मी जाळरेषा बोलतेय. वणव्याला पुढं सरकायला गवताची काडीही मिळू नये म्हणून उघडी ठेवलेली, वीस पावलं रुंद मातीची पट्टी म्हणजे मी.

मला आखलं राखणदारानंच. दर साली गवत पिवळं पडलं की तिघं मिळून मला खरडायची, झाडायची. मग तो वहाणा काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. तळव्याला एक काडी चिकटली तरी सगळं पुन्हा झाडायचं. कारभारीण म्हणायची, एवढं लक्ष घरच्या केरात घातलं असतं तर माझी कंबर वाचली असती. ऐकून मला गुदगुल्या व्हायच्या. एवढे लाड कुठल्या मातीचे होतात?

यंदा त्याला गोठा शाकारायचा होता. कापलेलं गवत वाळवायला उघडी, उन्हाची जागा कुठली? माझीच. पेंढ्याच पेंढ्या माझ्या अंगावर पसरल्या.

सून म्हणाली, "मामंजी, रेषेवर गवत?"

"चार दिवसांत उचलतो. रान काय उद्याच पेटतंय?"

तिसऱ्या दिवशी भर दुपारी पेटलं. वारा घराच्या दिशेनं. जिथं मी उघडी होते तिथं वणवा अडला, धुमसला, विझला. जिथं पेंढ्या होत्या तिथून मात्र पाहुण्यासारखा उतरून गेला. गोठा गेला. सुनेनं गुरं आधीच सोडली होती; मग सासू-सुनांनी ओली पोती झोडपून घराचं दार राखलं. पाण्याची गाडी आली तेव्हा दोघींच्या भुवया जळाल्या होत्या.

सकाळी जंगल खात्याचे साहेब चौकशीला आले. राखणदार खाली बघत म्हणाला, "रेषा अरुंद पडली, साहेब."

भाजलं ते मी सोसलं होतं. हे नाही सोसलं. ज्यानं पोटच्या पोरीसारखं राखलं, त्यानंच भर माणसांत मला खोटं पाडलं. हंगामी नोकरी, ती जाईल म्हणून घाबरला, एवढं मलाही कळतं. पण मला तोंड नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तोंड सुनेला होतं. "रेषा पुरेशी होती. गवत आमचं होतं, साहेब."

कारभारणीनं तोंडात पदर कोंबला. साहेबांनी माझ्यावरची राख पायानं उकरून बघितली, अन् राखणदाराला कामावरून उतरवलं.

तो हल्ली माझ्या कडेकडेनं जातो. तुम्हाला सांगते, ऐकणाऱ्या बायांनो, मला मोकळी ठेवा. मोकळी असले तरच मी तुमची.

अन् त्या घराचं पुढं भलंच झालं. महिन्याभरानं राखणदारीचा हुकूम पुन्हा त्याच दारी आला. सुनेच्या नावचा, कायमचा.