सकीनाचा ठसा

"त्या ठशाला हात लावशील तर मनगट मोडीन," नुसरतखाला म्हणाली आणि कणकेचा गोळा परातीत दाणकन आपटला.

माहजाननं पुढं केलेला हात मागं घेतला, पण तोंड काही मागं घेतलं नाही. पंधरा वर्षांची पोर, उचलली जीभ लावली टाळ्याला. "आगं खाला, घर सकीनाचं, तंदूर सकीनाचा, मग रोटीवर ठसा तुझा कसा चालंल?"

"चालंल. घरच्या बाईबिगर कुणी ठसा उचलला, की त्या घरची माणसं माघारी येत न्हाईत."

तंदुरात लावायच्या आधी रोटीला टोचे पाडायचा तो लाकडी ठसा. दर घराची नक्षी वेगळी. सकीनाचा खिळ्याला टांगलेला होता. ती पोराकडं मशहदला गेली तेव्हापासून तो तिथंच, धुळीनं पांढरा.

बाहेर उजाडत होतं. केशराची फुलं खुडायची हीच वेळ. ऊन चढलं की ती उमलतात आणि मान टाकतात. पण आज बीदकलात गावच्या बायका वावरात नव्हत्या, बंद घरांत धूर करत होत्या. खानेसुमारीचा माणूस येणार होता. डोंगरातून येणारा भुयारी पाट दोन वर्षं कोरडा, बिरजंद शहराचा टँकर येतो म्हणून घसे ओले. आणि वीस उंबऱ्यांच्या आतल्या गावाला इथून पुढं टँकर नाही, असं वरून कळलं होतं. नांदते उंबरे होते चौदा. उरलेली सहा कुलपं उघडून नांदती दाखवायची, ही अक्कल माहजानची. वाळत घातलेले कपडे, दारात जोडे, चुलाण्यावर किटली, काही म्हणता काही राहिलं नव्हतं.

माणूस आला तो दमून. पडलेल्या जुन्या गावाकडं आधी गेला होता. नकाशात गाव अजून तिथंच होतं.

"भूकंपात पडलं आगा ते," नुसरतखालानं आपल्या घरात त्या साहेबापुढं रोटी ठेवत सांगितलं. "नकाशाला कुणी सांगितलं न्हाई वाटतं."

तो हसला. रोटी खाल्ली, चहा घेतला, माणसं विचारली. मग शेजारी आला. तिथं माहजान डोक्यावरचा रुमाल सारखा करत सकीनाची सून होऊन बसली होती.

"सासूबाई?"

"शेळ्यांमागं गेल्यात."

"नवरा?"

"त्योबी शेळ्यांमागं."

"लई शेळ्या दिसतात."

"व्हय आगा. मोजता येत न्हाईत." तिनं रोटी पुढं केली. पाहुण्याला रिकाम्या तोंडानं कोण सोडतं?

त्यानं घास तोडला आणि थांबला. रोटी उजेडाकडं धरली. मधोमध डाळिंबाचं फूल, भोवती टोच्यांचं कडं. "हे फूल मी आत्ताच खाल्लं, शेजारी."

माहजाननं उरलेल्या रोट्या फडक्याखाली सारल्या.

"माझ्या आईच्या ठशावर कंगवा आहे," तो हळू म्हणाला. "आंधळ्यानंही चाचपून सांगावं, रोटी कुणाची." त्यानं घास मात्र संपवला. "पोरी, मला जे आहे तेच लिहावं लागतं."

मग सगळं गाव सरळ बोललं. चौदा.

जाताना नुसरतखालानं त्याला वाटेसाठी रोट्या बांधून दिल्या. माहजान फणफणली. "टँकर बुडवणाऱ्याला वर शिदोरी?"

"पाव्हणा हाय. अन त्यानं काय बुडवलं? आडातच न्हाई, तर पोहऱ्यात कुठनं येणार?"

"तू ठसा उचलला असतास तर वीस झाली असती."

"कागदावर." खाला सकीनाच्या तंदुरापाशी उभी राहिली. "अन सकीना?"

"ती येत न्हाई खाला. तुलाबी ठावं हाय."

तोंड ठशाजवळ नेऊन, हात न लावता, खालानं त्याच्यावरची धूळ फुंकून काढली. मग टोपली उचलून वावराकडं निघाली. फुलं उमलून पडली होती. जी मिळतील ती तरी खुडायचीच होती.

माहजान मागं राहिली. मग पुढच्या बंद घरात शिरली. तिथला तंदूर अजून उबदार होता. वर खिळ्याला त्या घरचा ठसा. तिनं दाराकडं एकदा पाहिलं, हात पाठीमागं बांधले आणि फुंकर घातली. धूळ सगळी तिच्याच डोळ्यांत गेली. डोळे चोळत ती तिसऱ्या घराकडं वळली.