वसुदेवाच्या भांड्यातला समुद्र

"डबकं हाय की हे," आत्याबाई म्हणाल्या, आणि माझ्या सगळ्या खटपटीवर पाणी पडलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सारजाबाई. करमाळ्याकडच्या. जन्मात समुद्र पाहिला नव्हता, आणि गुडघ्यांमुळे आता रत्नागिरी काही घडणार नव्हती. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मुलींची सहल घेऊन गेले, तेव्हा हट्टानं खाऱ्या पाण्याचे कॅन, थोडे खडक आणि एक समुद्रफूल एस.टी.तून सोलापुरात आणलं. खडकाला चिकटून फुलासारखा उमलणारा जिवंत प्राणी तो. पण बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या पेटीत तो नुसता मिटून बसला होता. असाच राहिला तर मरणार, हे मला दिसत होतं. आणि आत्याबाई उद्याच्या गाडीनं गावी निघणार होत्या. माझा नुसता संताप झाला होता, आणि तो काढायला नवरा घरातच होता.

आमचे कुंडलिकराव फिजिक्सचे. पेटीतलं पाणी हलतं राहावं म्हणून त्यांनी कूलरचा पंप आणून त्याचा पितळी पंखा काढून प्लास्टिकचा बसवला होता, कारण तांबं-पितळ म्हणजे समुद्रातल्या जिवांना विष. इथवर ठीक. पण पंपाची धार एकाच बाजूनं, एकसारखी. वर यांचं आपलं एकच, "मोठा पंप लावू."

"अहो, समुद्र म्हणजे काय नळ आहे? लाट येते, जाते, मध्ये थांबते."

"मग बस बटण दाबत दिवसभर."

त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. आत्याबाईंनी वसुदेवाचं पितळी भांडं मांडलं होतं. त्यात डोक्यावर कृष्णाची टोपली घेऊन वसुदेव उभा. त्या तांब्यानं पाणी ओतत होत्या. पाणी गुडघ्याला, कमरेला, गळ्याला आलं, कृष्णाच्या पायाला लागलं, आणि तळातून भडाभडा वाहून अख्खं भांडं रिकामं झालं. सगळी करामत वसुदेवाच्या पोटातल्या वाकड्या नळीची. लहानपणापासून पाहतेय, पण तेव्हा मला त्यात लाट दिसली.

"अहो, प्लास्टिकची बादली आणा. आत्ता."

पेटीच्या वर फळीवर बादली ठेवली, आणि तिच्या बुडातून तशीच वाकडी नळी खाली सोडली. पंप तिच्यात हळूहळू पाणी चढवणार, बुडातल्या नळीचा बाक बुडाला की सगळं पाणी एकदम पेटीत येणार, मग पुन्हा भरणं सुरू. पहिल्यांदा झालं भलतंच. चढेल तेवढं पाणी नळीतून गुपचूप झिरपून जाई. मी चिडून सगळं उपटायला निघाले.

"थांब," हे म्हणाले. "नळी रुंद आहे, पूर्ण भरतच नाही. भरल्याशिवाय ओढ कशी लागेल?" त्यांनी जरा बारीक नळी बसवली. एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

बादली भरत आली, नळीत गुळगुळ झालं, आणि पेटीत धाडकन लाट उसळली. वाळू उडाली, पाणी निवळलं, पुन्हा लाट. मी टाळ्या पिटल्या. समुद्रफूल मात्र मिटलेलंच.

सकाळी दारात टांगा आला. आत्याबाई गाठोडं घेऊन पेटीसमोरच्या खाटेवर जरा टेकल्या. लाट आली, गेली. खडकावरच्या समुद्रफुलाची मूठ सैल झाली. हिरवट बोटं एकेक करून बाहेर आली आणि पाण्याबरोबर डुलायला लागली.

पुढची लाट काचेवर आदळली, तशा आत्याबाईंनी झटकन पाय खाटेवर घेतले.

"आत्याबाई, पाणी आतच आहे."

"व्हय, ठावं हाय मला," त्या म्हणाल्या, पण पाय काही खाली सोडले नाहीत. "त्या टांगेवाल्याला जा म्हनावं. समिंदरावरनं लगीच कुनी उठतंय व्हय?"