दिवे कोणी लावायचे

आमचं चष्म्याचं दुकान आहे. बाबा डोळे तपासतात, मी काचा घासून फ्रेममध्ये बसवते. गेला महिनाभर गिऱ्हाइकाला नंबर सांगायच्या आधी बाबा बातमी सांगत होते, की लेक पुरोहितांच्या घरात चालली. होणारा जावई आम्हा ज्यूंमधल्या जुन्या पुरोहित वंशातला, त्यामुळे बाबांचे पाय जमिनीवर नव्हते.

शुक्रवारी सकाळी धर्मगुरूंनी मला आणि बाबांना सिनेगॉगमध्ये बोलावलं. लग्नाआधीची नेहमीची चौकशी. पुरोहितपण बापाकडून येतं, ज्यूपण मात्र आईकडून. म्हणून माझ्या आईचे आईवडील कोण, एवढंच त्यांनी विचारलं. आई आता नाही, तेव्हा मी बाबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत बसले होते. पुसून झालेला त्यांनी पुन्हा पुसला.

"ती ज्यू नव्हती," ते म्हणाले. "धर्म घ्यायचं ठरलं होतं. राहून गेलं."

राहून जातं ते दूध आणायचं. ज्यू रीतीप्रमाणे मटणाची आणि दुधाची भांडी जन्मभर वेगळी ठेवणारी मी, त्या एका वाक्यात बाहेरची झाले.

मला रीतसर धर्म घेता येईल, असं धर्मगुरूंनी समजावलं. पण धर्म घेऊन आलेल्या बाईशी पुरोहित वंशातल्या माणसाचं लग्न ते लावू शकत नव्हते. हे तुम्हाला ठाऊक होतं का, असं मी बाबांना तिथेच विचारलं. ठाऊक होतं म्हणे. आपल्याला सगळे ओळखतात, कोण विचारतंय, असं त्यांना वाटलं होतं.

घरी येऊन होणाऱ्या नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, आईवडिलांशी बोलतो. मी काय समजायचं ते समजले.

"तुझ्या आजीला मी तुझी आई आपल्यातलीच म्हणून सांगितलं होतं," बाबा मागून म्हणाले. "मग धर्म घ्यायला कोणत्या तोंडाने नेणार?"

म्हणजे राहून गेलं नव्हतं, त्यांनी राहू दिलं होतं. त्यांची अब्रू वाचली आणि किंमत माझ्या गळ्यात पडली. मला त्यांचा भयंकर राग आला.

दिवस कलला तसं त्यांनी शब्बाथसाठी, आमच्या आठवड्याच्या पवित्र दिवसासाठी, टेबलावर पांढरं कापड अंथरलं, घरातल्या बाईने लावायचे ते आईचे दिवे मांडले आणि दर शुक्रवारसारखे माझी वाट बघत उभे राहिले.

मी काडेपेटी त्यांच्या हातात दिली. "घरात ज्यू तुम्ही एकटेच आहात, बाबा. तुम्हीच लावा."

त्यांनी काडी ओढली आणि तशीच धरून राहिले. दिवे लावताना म्हणायची प्रार्थना त्यांना येत नव्हती. ती मला आईने शिकवली होती.