प्रार्थनेसाठीच सांगितलं

रोज सकाळी चहाच्या आधी मी गुडघ्यावर बसते आणि माझ्या माणसांची नावं एकेक करून प्रभूपुढे ठेवते. नेमच आहे माझा. आधी लेक, मग मैत्रीण, मग दीर-नणंदा, मग बाकीचे. आज सकाळी लेकीचं नाव घेतलं आणि मैत्रिणीच्या नावापाशी जीभ टाळ्याला चिकटली. तिला वगळून पुढं जावं म्हटलं, तर पुढचं कुणाचंच नाव निघेना.

लेकीच्या खोलीला आतून कडी लावलेली होती.

मागच्या वर्षी तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. वाचली. इस्पितळातून आणल्यावर सुताराला बोलावून मी ती कडी काढून घेतली. पुढं ती चष्म्याच्या दुकानात कामाला लागली, हळूहळू माणसांत आली, आणि एक दिवस म्हणाली, "आई, माझी कडी मला परत दे." मी दिली. तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

हे सगळं मी एकाच माणसाजवळ बोलले होते. लाँड्रीत माझ्या समोरच्या टेबलावर जिची उभी हयात गेली, तिच्याजवळ. मोठ्या चादरीची घडी एकटीला होत नाही. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. तशीच आमची दुःखं. चर्चच्या मंडळीत तिला सगळे मऊबाई म्हणतात. आवाजच तसा.

काल लेक भर दुपारी घरी आली. चपला न काढता उभ्या-उभ्या सांगितलं. मंडळीतल्या एक काकू दुकानात फ्रेम बघत होत्या. लेक त्यांच्या कानामागे काडी बसवत होती. काकूंनी तिचा हात धरला आणि मालकादेखत म्हणाल्या, "बाळ, आम्ही सगळ्याजणी तुझ्यासाठी गुडघ्यावर आहोत हं. पुन्हा तसलं काही मनात आणू नकोस."

एवढं सांगून ती आत गेली आणि कडी लावली. तेव्हापासून मी दार वाजवते, आतून "आहे" असं येतं. जेवण नाही, पाणी नाही. "आहे" एवढाच शब्द. तो यायला जरा उशीर झाला की मी पुन्हा वाजवते.

आज नऊच्या सुमारास मऊबाई आली. स्वयंपाकघरात नेहमीच्या खुर्चीवर बसली. माझ्याकडे बघवेना तिला.

"काकूंना अक्कल नाही गं," ती म्हणाली. "दुकानात बोलतात का असं?"

"काकूंना कुणी सांगितलं?"

"मी बायकांच्या सभेत प्रार्थनेची विनंती ठेवली. प्रार्थनेसाठीच सांगितलं. आणि नाव घेतलं नव्हतं हं. म्हटलं, आपल्यातल्या एका बहिणीची तरुण मुलगी."

"सभेत तरुण मुलगी असलेल्या बायका किती आहेत?"

आमच्या सभेत बहुतेकींच्या मुली आता लेकुरवाळ्या आहेत.

"तूच," ती हळूच म्हणाली.

"मग नाव घ्यायचं राहिलं कुठं?"

"मलाही झेपेना गं. तू माझ्याजवळ ठेवून मोकळी झालीस. मी कुठं ठेवू? वाटलं, सगळ्यांनी मिळून मागितलं तर देव लवकर ऐकेल." तिनं डोळे पुसले. "किती रडल्या सगळ्या. अशी प्रार्थना आमच्यात कधी झाली नव्हती."

माझ्या लेकीच्या मरणावर त्यांची सभा रंगली होती.

"तू जा," मी म्हणाले.

"रागावलीस?"

"मला रागावताही येत नाहीये. जा."

ती गेली. मी तिथंच फरशीवर बसले. प्रभूला म्हटलं, तुझ्याच ताटात जेवणाऱ्या शिष्यानं तुला धरून दिलं, तरी तू त्याला मित्रा म्हणालास. मला नाही म्हणता येत. मला तिचं तोंडही बघायचं नाही. आणि माझी लेक दाराआड आहे. माझी प्रार्थना ऐकायचीच असेल तर तेवढी ऐक. बाकीच्यांचं तू बघ.

नळ ठिबकत होता.

उठून लेकीचं दार वाजवलं.

"आहे." मग जरा थांबून, "गेली ती?"

"गेली. मी तिला हाकललं. तिनं आपला विश्वासघात केला, बाळा."

"आपला नाही. तुझा केला. माझा तू केलास. मी तिला नव्हतं सांगितलं, तुला सांगितलं होतं."

तोंडाशी आलं होतं, अगं, प्रार्थनेसाठीच सांगितलं. मी ओठ मिटून घेतले.

"खरंय," म्हणाले. "तुला विचारायला हवं होतं."

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. देवाला."

"देव बरा. तो दुकानात येत नाही."

हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात आतून आवाज आला, "मालकांना फोन कर. सांग, आज येत नाही."

मी फोन दाराजवळच आणला. तिला ऐकू जावं म्हणून.

मालक भला माणूस. म्हणाला, "हो हो, राहू द्या. पण ताई, काल त्या बाई काहीबाही बोलल्या. नेमकं काय झालं होतं मुलीला? आम्हाला कळलं तर सांभाळून घेता येईल."

त्याच्या आवाजात इतकी माया होती. काल दुपारपासून मी कुणाजवळ मन मोकळं केलं नव्हतं. दाराआड श्वासही ऐकू येत नव्हता.

"ते तिचं आहे," मी म्हणाले. "तिला वाटलं तर ती सांगेल. मला नाही सांगता येणार."

फोन ठेवला. दार वाजवायचं धाडस होईना.

"आई."

"हं."

"मी कडी काढणार नाहीये."

"बरं."

"तू जाऊ नकोस पण."

"इथंच बसते. प्रार्थना करू का?"

"कर. मोठ्यानं नको."

दाराला पाठ लावून मी बसले. मैत्रिणीचं नाव अजून निघत नव्हतं. प्रभूला म्हटलं, हे एक अडकलंय, तूच बघ. आणि कान मात्र आतल्या श्वासाकडे लावून ठेवला.